लहान घरासाठी वॉशर-ड्रायर निवडताना: आधी वाळवणं ठरवा

ओलावा

लहान फ्लॅटसाठी मशीन घ्यायचं म्हटलं की चर्चा किलोपासून सुरू होते: सहा, सात की आठ? माझ्या मते ही सुरुवातच चुकते. आजकालचं कुठलंही बरं फ्रंट लोड मशीन कपडे स्वच्छ धुतं. लहान घरात अडतं ते वाळवण्यापाशी. बाल्कनी नाही, खिडकी एक, आणि धुतलेल्या कपड्यांतलं पाणी कुठेतरी जायला हवं. म्हणून आधी ते पाणी कुठे जाणार हे ठरवा आणि त्यावरून मशीन निवडा.

पाच किलो कोरडे सुती कपडे धरा. मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या स्पिननंतर त्यांत साधारण 60 टक्के, म्हणजे 3 लिटर पाणी उरतं. 1400 फेऱ्यांना ते 50 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अडीच लिटर होतं. 700 फेऱ्यांच्या टॉप लोडमध्ये साडेतीन लिटर किंवा त्याहून जास्त राहतं. साध्या हीटरने एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.65 युनिट वीज लागतेच, शिवाय मशीनमध्ये वाया जाणारी वेगळी. तेच पाणी स्पिनने काढलं तर वीज जवळपास लागतच नाही. त्यामुळे ड्रायर कोणताही घ्या, वॉशर मात्र 1400 फेऱ्यांचा घ्या.

पर्याय चार:

1. वाफ बाहेर टाकणारा व्हेंटेड ड्रायर. 100 मिमीचा पाइप बाहेर काढायला भिंतीत भोक हवं.
2. साधा कंडेन्सर ड्रायर. वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो.
3. हीट पंप ड्रायर. हाही पाणी साठवतो, पण वीज फार कमी खातो.
4. धुणं-वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारं कॉम्बो मशीन.

भोक पाडायची परवानगी नसेल तर पहिला पर्याय बाद. व्हेंटेड ड्रायरची हवा घरातच सोडायचा विचारही करू नका. अडीच लिटर पाणी आणि बारीक लिंट, म्हणजे कपड्यांची सुटलेली लव, थेट खोलीत येते, आणि बुरशी धरायला तेवढं पुरतं.

पाणसळ

चांगला धागा. मापाबद्दल भर घालतो, कारण परत जाणारी बरीच मशीनं मापापायी जातात.

कॅटलॉगमधलं 60×60×85 सेंमी हे माप पूर्ण खरं नसतं. खोलीच्या आकड्यात बहुधा दाराचा फुगवटा आणि मागचे नळजोड धरलेले नसतात. मागे पाण्याचा पाइप वळायला 5 ते 10 सेंमी सोडा. पाइप भिंतीला चेपला तर तो मुडपतो, पाणी मंद येतं, आणि मशीन 'पाणी येत नाही' असा एरर दाखवतं. दोन्ही बाजूंना किमान एकेक सेंमी मोकळं ठेवा, नाहीतर स्पिनला मशीन भिंतीवर आपटतं. समोर दार पूर्ण उघडून माणूस वाकेल इतकी, म्हणजे साधारण एक मीटर जागा हवी.

हे झालं कोनाड्याचं. त्याआधी मशीन तिथवर पोचायला हवं. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, फ्लॅटचं दार आणि बाथरूमचं दार, सगळी मोजा. दाराचं माप चौकटीचं घेऊ नका. दार 90 अंशांत उघडल्यावर पल्ल्याची जाडी वजा जाते, ती वजा करून उरतं ते खरं माप. बाथरूमचं दार इथे नेहमी दगा देतं.

45 सेंमी खोलीची स्लिम मशीनंही मिळतात, पण ती घेण्याआधी एक लक्षात घ्या. ड्रम उथळ असल्याने कपडे एका बाजूला गोळा झाले की तोल लवकर जातो, आणि मशीनला हादरेही जास्त बसतात. रुंदीची अडचण असेल तर 40 सेंमी रुंदीचं, वरून उघडणारं पण आडव्या ड्रमचं मशीन बघा. त्याचा ड्रम दोन्ही बाजूंनी बेअरिंगवर टेकलेला असतो, त्यामुळे ते स्लिम फ्रंट लोडपेक्षा स्थिर चालतं. फक्त त्याच्यावर ड्रायर चढवता येत नाही.

फिरकी

@ओलावा, 1400 फेऱ्या हे बरोबर, पण फक्त फेऱ्या बघून चालत नाही. पाणी फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गावर आणि ड्रमच्या त्रिज्येवर ठरतो. 48 सेंमी व्यासाच्या ड्रममध्ये 1400 फेऱ्यांना कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 525 पट जोर येतो. 40 सेंमी व्यासाच्या ड्रममध्ये त्याच फेऱ्यांना 440 पटच. म्हणजे छोट्या ड्रमचं 1400 हे मोठ्या ड्रमच्या जवळपास 1280 इतकंच काम करतं. छोटी मशीनं बघताना फेऱ्यांऐवजी स्पिननंतर उरणाऱ्या ओलाव्याची टक्केवारी शोधा. युरोपीय ऊर्जा-लेबलवर स्पिनचा वर्ग दिलेला असतो: A म्हणजे 45 टक्क्यांपेक्षा कमी, B म्हणजे 54 टक्क्यांपर्यंत, C म्हणजे 63 टक्क्यांपर्यंत. ड्रायर लावणार असाल तर B च्या खाली जाऊ नका.

घडीमोड

प्रश्न: जागा एकाच मशीनची असेल तर कॉम्बो घेण्यावाचून इलाज नाही ना? मग 8/5 किलो लिहिलेलं असतं त्याचा नेमका अर्थ काय? 8 किलो धुऊन 5 किलो वाळवायचे, तर उरलेले 3 किलो कुठे ठेवायचे?

नळजोड

@घडीमोड, उरलेले 3 किलो बाहेर काढून दोरीवर टाकायचे, असाच त्याचा अर्थ आहे. कॉम्बोमधली खरी अडचण तीच.

कारण ड्रमच्या आकारमानात आहे. 8 किलोच्या वॉशरचा ड्रम साधारण 60 लिटरचा असतो, तर 8 किलोच्या स्वतंत्र ड्रायरचा 110 ते 120 लिटरचा. धुताना ओले कपडे चापून बसतात, म्हणून कमी जागा पुरते. वाळवताना कपड्यांना उंचावरून खाली पडायला आणि मधून हवा खेळायला जागा लागते. 60 लिटरमध्ये 8 किलो वाळवायला टाकले तर बाहेरचे कडकडीत आणि आतला गोळा ओलाच निघतो. म्हणून कॉम्बो घेताना मोठा आकडा विसरा आणि वाळवण्याचा आकडाच मशीनची क्षमता माना. 8/5 म्हणजे पाच किलोचं मशीन.

दुसरं, वेळ. चार-पाच किलोचं धुणं आणि वाळवणं मिळून 4 ते 6 तास लागतात, आणि तोवर दुसरा घाणा लावता येत नाही.

तिसरं, पाणी. बरेच कॉम्बो वाफ थंड करायला नळाचं थंड पाणी वापरतात. लेबलवर 'फक्त धुणं' आणि 'धुणं व वाळवणं' असे पाण्याचे दोन आकडे असतील तर त्यांतला फरक बघा. तेवढं पाणी फक्त वाळवायला जातं. पाणी ठरावीक वेळच येत असेल तर हे मशीन मधेच अडकून बसेल. हीट पंपाच्या कॉम्बोत हा खर्च नाही.

चौथं, लिंट, आणि याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. स्वतंत्र ड्रायरच्या दारात जाळी असते, ती आपण रोज साफ करतो. अनेक कॉम्बोंत ती नसतेच. लिंट हवेच्या वाटेत, दाराच्या रबरात आणि ड्रेन पंपाच्या गाळणीत जाऊन बसते. हवेची वाट तुंबली की वाळवायला तास-तास जास्त लागतात, आणि मग मशीन उघडून ती वाट साफ करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. उपाय असा: वाळवणं संपलं की रिकाम्या ड्रमवर एक रिन्स चालवा, दाराचं रबर ओल्या फडक्याने आतून पुसा, आणि खालची गाळणी महिन्यातून दोनदा उघडा. गाळणी उघडण्याआधी शेजारची छोटी नळी ताटात रिकामी करा, नाहीतर फरशीवर पाणी होईल.

घडीमोड

धन्यवाद. हे वाचून कॉम्बोचा विचार सोडूनच द्यावा असं वाटतंय.

वाळवण

सोडून देऊ नका, फक्त अटी समजून घ्या. एक-दोन माणसांचं घर, रोज किंवा दिवसाआड तीन-चार किलो कपडे, आणि घराबाहेर जाताना मशीन भरून संध्याकाळी कोरडे कपडे काढायचे, अशी रीत असेल तर कॉम्बोसारखी सोय नाही. मधे उठून कपडे इकडचे तिकडे करावे लागत नाहीत. ज्यांचं धुणं आठवड्याभराचं एकाच दिवशी साचतं, त्यांची मात्र कॉम्बोने दमछाक होते. चार घाण्यांना पूर्ण दिवस आणि अर्धी रात्र जाते. कपडे कधी आणि किती साचतात, हे बघून ठरवा.

आणखी एक मुद्दा कॉम्बोच्या विरुद्ध: वाळवणारा भाग बिघडला तरी दुरुस्तीसाठी मशीन नेलं की धुणंही बंद.

ओलावा

@नळजोड, लिंटचं फार महत्त्वाचं लिहिलंत.

उभी जागा 175 ते 180 सेंमी मिळत असेल तर खाली वॉशर आणि वर हीट पंप ड्रायर ही जोडी मी पहिली मानतो. हीट पंप म्हणजे ड्रायरच्या पोटातला छोटा एसी. एका बाजूला तो गरम हवा कपड्यांतून फिरवतो, दुसऱ्या बाजूच्या थंड कॉइलवर तिच्यातली वाफ पाणी होऊन गळते, आणि त्या वाफेची उष्णता पुन्हा हवेत वापरली जाते. म्हणून 8 किलोच्या पूर्ण घाण्याला साधा कंडेन्सर साडेचार युनिटच्या आसपास वीज खातो, तर हीट पंप दीड ते दोन. वेळ मात्र दोन तासांऐवजी अडीच ते तीन.

लहान घरात याचा दुसराही फायदा आहे. ड्रायर खातो ती वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. बंद बाथरूममध्ये साडेचार युनिट म्हणजे भट्टीच. दीड युनिट सुसह्य असतं. तरीही कपाटात बसवणार असाल तर पल्ल्याला झडपा ठेवा. बहुतेक ड्रायर 5 ते 35 अंशांच्या खोलीसाठी बनवलेले असतात. त्यापुढे हीट पंपाचा जोर उतरतो आणि घाणा लांबतो.

लेबलवर 'कंडेन्सेशन एफिशियन्सी' हा आकडाही बघा. 80 टक्के असेल तर 3 लिटरपैकी 600 मिली वाफ खोलीतच सुटते. 90 टक्क्यांच्या वर असेल तर 300 मिलीपेक्षा कमी. खिडकी नसलेल्या जागेत हा फरक भिंतीवर दिसतो.

1 जुलै 2025 पासून युरोपीय संघात नव्याने बाजारात येणारे घरगुती ड्रायर प्रत्यक्षात हीट पंपाचेच आहेत, त्यामुळे मॉडेलांची निवड आता बरीच मोठी झाली आहे.

घडीमोड

हीट पंपाच्या देखभालीचं काय? वर्षा-दोन वर्षांत वाळवणं मंदावतं अशी तक्रार बऱ्याचदा वाचायला मिळते.

ओलावा

मंदावतं, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: हवा अडलेली असते. दारातली जाळी सहसा दुपदरी असते. दोन्ही पदर दर घाण्यानंतर हाताने साफ करा आणि महिन्यातून एकदा कोमट पाण्याखाली धुऊन पूर्ण वाळवून बसवा. ओली जाळी हवा अडवते. काही मॉडेलांत खाली स्पंजाचा दुसरा फिल्टर असतो, तोही तसाच धुवायचा. त्यामागे कॉइलच्या पातळ पत्र्या असतात. त्यांवरची लव मऊ ब्रशने वरून खाली काढा. आडवा ब्रश मारला तर पत्र्या मुडपतात. पत्र्यांना धारही असते, हातमोजे घाला.

'सेल्फ क्लीनिंग कंडेन्सर' लिहिलेल्या मॉडेलमध्ये जमलेलं पाणीच कॉइलवर ओतून लव धुतली जाते. ऐकायला सोयीचं, पण राहिलेली लव आत चिकटली तर तिथवर आपला हात पोचत नाही. मी हाताने उघडता येणारी कॉइल निवडायला सांगेन.

मशीन आडवं करून आणलं असेल तर उभं करून काही तास तसंच ठेवा, मगच चालू करा. फ्रिजसारखंच, कंप्रेसरमधलं तेल खाली बसायला वेळ लागतो. नेमके किती तास ते माहितीपुस्तिकेत असतं.

पाणसळ

एकावर एक ठेवण्याबद्दल. ड्रायर नेहमी वर. वॉशर वर ठेवला तर स्पिनच्या हादऱ्याने पडेल, आणि वॉशरचं 60-75 किलो वजन पेलायला ड्रायरचं कवच बनवलेलं नसतं. मधे स्टॅकिंग किट, म्हणजे दोन्ही मशीनं एकमेकांना बांधणारी चौकट, लागतंच, फक्त रबराचे तुकडे ठेवून भागत नाही. किट त्याच कंपनीचं आणि त्याच मॉडेल-मालिकेचं घ्या, कारण वॉशरच्या वरच्या फळीचे स्क्रू आणि ड्रायरचे पाय त्याच मापाने बसतात. दोन्ही मशीनांची खोली जुळते का तेही बघा. वॉशर 45 चा स्लिम आणि ड्रायर 60 चा, ही जोडी बसवू नका. बाहेर ओढायच्या फळीचं किट मिळत असेल तर घ्या, कपड्यांची टोपली टेकवायला लहान जागेत त्याचा फार उपयोग होतो.

वर चढवण्याआधी वॉशर एकटा चालवून बघा. क्रम असा:

मागचे वाहतुकीचे तीन-चार बोल्ट काढा आणि जपून ठेवा, पुढच्या घरबदलाला लागतील. हे बोल्ट राहिले तर पहिल्याच स्पिनला मशीन घरभर चालतं आणि सस्पेन्शन खराब होतं. मग पाय फिरवून पाणसळीने दोन्ही दिशांना समपातळी करा. कोपरे तिरके दाबून मशीन डुगडुगत नाही ना ते बघा. शेवटी प्रत्येक पायाची लॉक नट वर, कवचाला घट्ट आवळा. ही नट सैल राहिली तर महिन्याभरात पाय आपोआप फिरतो आणि आवाज सुरू होतो. गुळगुळीत फरशीवर पातळ, कडक रबर चालतं. जाड मऊ पॅड टाळा, त्यावर मशीन झुलतं.

नळजोड

पाण्याचा दाब आणि निचरा राहिला.

फ्रंट लोडला बहुधा किमान 0.3 ते 0.5 बार दाब लागतो. नळाच्या वर 10 मीटरवर टाकी असेल तर 1 बार मिळतो, म्हणजे 3 मीटरवर 0.3 बार. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असेल तर मशीन पाण्याअभावी थांबू शकतं. बादलीत पाणी भरताना मात्र दाब कमी असल्याचं लक्षात येत नाही. पंप लावण्याआधी पाइपच्या टोकाची बारीक जाळी उपसून साफ करा, निम्म्या वेळा दोष तिथेच निघतो.

ड्रेन पाइपचं तोंड जमिनीपासून 60 ते 100 सेंमी उंचीवर हवं. खाली फरशीवर सोडलं तर पाणी भरता भरता आपोआप ओढलं जाऊन बाहेर जातं. मशीन भरतच राहतं, धुणं संपत नाही. उभ्या पाइपमध्ये सोडताना 10-15 सेंमीपेक्षा आत खुपसू नका आणि सांधा टेपने बंद करू नका, तिथे हवा यायलाच हवी. पाइपला खाली पाणी धरणारा ट्रॅप नसेल तर गटाराचा वास ड्रममध्ये येतो आणि लोक उगाच मशीनला दोष देतात.

ड्रायरचं पाणीही त्याच ड्रेनला जोडता येतं, बहुतेकांसोबत नळी येते. जोडाच. नाहीतर एका मोठ्या घाण्याला तीन-चार लिटरची टाकी डोक्याच्या उंचीवरून उपसून ओतावी लागते.

फेज_न्यूट्रल

विजेचं कोणी लिहिलं नाही. 230 व्होल्टवर वॉशरचा हीटर 2000 वॅटचा धरला तर जवळपास 9 अँपिअर, साधा कंडेन्सर ड्रायरही तेवढाच. दोन्ही एका 16 अँपिअरच्या लाइनवर एकाच वेळी तापले की भार मर्यादेपलीकडे जातो आणि ब्रेकर पडू शकतो. हीट पंप ड्रायर 600 ते 900 वॅटचा, म्हणजे चार अँपिअरच्या आत, त्यामुळे जोडी जमते. तरी प्रत्येकाला स्वतंत्र सॉकेट द्या. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच, दोन-तीन तास सलग भार घेतला की त्याचे ढिले सांधे तापून वितळतात.

जिथे 120 व्होल्ट आहे तिथे 15 अँपिअरच्या सॉकेटवर सलग 1440 वॅटपेक्षा जास्त घेऊ नये. साध्या हीटरचे कॉम्बो तिथे इतके सावकाश वाळवतात त्याचं कारण हेच. हीटरवाल्या कॉम्पॅक्ट ड्रायरला तिथे बहुधा 240 व्होल्टची वेगळी जोडणी लागते, भाड्याच्या घरात ती आहे का हे आधी बघा.

बाथरूममध्ये बसवणार असाल तर 30 मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर आणि पक्कं अर्थिंग यांत तडजोड नको. सॉकेट शॉवरच्या तुषारांपासून लांब ठेवा.

वाळवण

+१. सुरक्षेचा आणखी एक मुद्दा. खाद्यतेल किंवा मालिशचं तेल मुरलेले टॉवेल, फडकी ड्रायरमध्ये टाकू नका. साध्या धुण्याने तेल पूर्ण निघत नाही, ते गरम होऊन हवेशी संयोग पावतं आणि घडी करून ठेवलेला ढीग आतून तापत जाऊन पेटू शकतो. शेवटची थंड हवेची दहा मिनिटं याचसाठी असतात. प्रोग्रॅम मधेच बंद करून गरम कपडे गच्च रचून ठेवू नका.

घडीमोड

सेन्सर ड्राय लावलं की कधी कधी अर्ध्या तासात बंद होतं आणि कपडे ओले असतात. हे कशाने होतं?

फिरकी

ड्रममध्ये धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की वीज वाहते, कोरडा टेकला की नाही, त्यावरून मशीन अंदाज घेतं. तीन-चारच कपडे असतील तर ते पट्ट्यांना क्वचित टेकतात आणि मशीनला सगळं कोरडं वाटतं. अशा वेळी सेन्सरऐवजी वेळ लावून वाळवा. जीन्स आणि पातळ शर्ट एकत्र टाकले तरी हेच होतं. तिसरं कारण फॅब्रिक सॉफ्टनरचं. त्याचा मेणचट थर पट्ट्यांवर बसतो. पांढऱ्या व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पट्ट्या महिन्यातून एकदा पुसा. सॉफ्टनर बंदच केलंत तर टॉवेलही जास्त पाणी टिपतात.

घडीमोड

कळलं. शेवटी माप असं: कोनाडा 63 रुंद, 68 खोल, उंची 172. वर लॉफ्ट आहे, ती हलवता येत नाही.

पाणसळ

रुंदी-खोली पुरेल, उंची नाही. 85 अधिक 85 म्हणजेच 170, किट 1 ते 10 सेंमी, वर ड्रायर सरकवायला हात जायला हवा. वॉशरचे पाय पूर्ण आत घेतले तरी 172 मध्ये हे बसवणं धोक्याचं, पुढे दुरुस्तीला मशीन निघणार नाही.

दोन वाटा आहेत. पहिली, 60 सेंमीचा 1400 फेऱ्यांचा वॉशर खाली, आणि वर भिंतीला पक्क्या कंसांवर 3-4 किलोचा छोटा ड्रायर. पण हे छोटे ड्रायर बहुतेक व्हेंटेड असतात, म्हणजे बाहेर जाणारा पाइप हवा. भिंतही भरीव हवी, पोकळ पार्टिशनवर नको.

ओलावा

दुसरी वाट मी सुचवतो: तोच वॉशर आणि ड्रायरऐवजी डिह्युमिडिफायर. कपडे स्टँडवर एकेरी घाला, बाथरूमसारख्या लहान खोलीत दार-खिडकी बंद करून तो कपड्यांशेजारी ठेवा, वर एक पंखा. कपड्यांतली वाफ तो टाकीत गोळा करतो, भिंती ओल धरत नाहीत. रात्रभरात एक घाणा वाळतो, लोकर आणि इलॅस्टिकचे कपडेही आटत नाहीत. खोली फार थंड असेल तर कंप्रेसरवाला नीट चालत नाही, तिथे डेसिकंट, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा, प्रकार घ्या.

घडीमोड

ही दुसरी वाट जमेल असं दिसतं. वॉशर घेताना दाराची बाजू बदलून मिळते का? डावीकडे भिंत आहे.

पाणसळ

ड्रायरची बहुधा बदलता येते, वॉशरची सहसा नाही. फ्रंट लोडचं दार बहुतेक डावीकडे बिजागर असलेलंच येतं, म्हणजे ते तुमच्या भिंतीकडे उघडेल. ती अडचण नाही, उलट उजवी बाजू कपडे काढायला मोकळी राहील. फक्त दार 90 अंशांपलीकडे उघडतं का ते मॉडेलच्या आराखड्यात बघा आणि मोकळ्या 3 सेंमींपैकी उजवीकडे एक ठेवून उरलेली दोन डावीकडे सोडा.